मी सांगेपर्यंत सरळ चला

ब्रेकबाईंच्या सगळ्या कारकिर्दीत एकच अपघात झाला, आणि त्यात गाडीला साधा ओरखडासुद्धा आला नाही. जे काही चेपलं, खरवडलं गेलं ते बाईंच्या इभ्रतीचं; आणि इभ्रतीचा विमा कोणी उतरवत नाही.

ब्रेकबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी काढलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या शिकवत. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटसमोर शिक्षकासाठी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर बाईंचा पाय वर्षानुवर्षं असा वसला होता, की घरी सोफ्यावर बसून सिनेमातला पाठलाग बघतानासुद्धा तो जमिनीत रुतायचा. निम्मं शहर त्यांच्या हाताखालून, खरं म्हणजे पायाखालून गेलं होतं. अप्पा गेल्यावर ऑफिस धाकट्या भावाकडे आलं आणि रस्ता बाईंकडे. ही वाटणी दोघांनाही मानवली होती.

पन्नाशी ओलांडली आणि बाईंच्या अंगातलं इंजिन विनाकारण तापायला लागलं. भर थंडीत गाडीच्या चारही काचा खाली. शिकाऊ मंडळी कानटोप्या घालून गिअर टाकायची. झोप उडाली. शब्द ऐन वेळी दगा द्यायला लागले. "ते... ते गोल नीट धरा!" एवढंच स्टिअरिंगबद्दल सुचायचं. एकदा तर "थांबा" हा शब्दच सापडेना. बाईंनी आधी ब्रेक दाबला, मग शब्द आठवला.

"वयाचं आहे," त्या म्हणायच्या. "आईचंही असंच व्हायचं." आई त्या वयात हातातलं काम टाकून मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची. काय झालं विचारलं, तर म्हणायची, "काही नाही गं, वारा खातेय." पानही हलत नसायचं तेव्हा. त्या पायरीची बाईंना हल्ली फार आठवण यायची. आईला काय होत होतं ते विचारायला तेव्हा कोणाला सुचलं नाही, आणि सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता.

शब्द आता होता: रजोनिवृत्ती. बाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानेच एक दिवस बाईंना डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. तपासण्या झाल्या, प्रश्न झाले आणि हार्मोनचा उपचार सुरू करायचं ठरलं. इस्ट्रोजेनचं जेल रोज दंडाला चोळायचं, आणि प्रोजेस्टेरॉनची एक मऊशार कॅप्सूल घ्यायची. कोणतं कधी आणि का, हे डॉक्टरीणबाईंनी अगदी नीट समजावलं. पण नेमकं त्याच वेळी खिडकीबाहेर कोणीतरी गाडी पार्क करत होतं. आणि ते इतकं भयंकर पार्क करत होतं की बाईंचा जीव वरखाली व्हायला लागला. अरे उलटं फिरव, उलटं, असं मनातल्या मनात म्हणत त्या डॉक्टरीणबाईंच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या.

"समजलं ना?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं.

बाहेरची गाडी एकदाची आत बसली होती. "जमलं!" बाई म्हणाल्या.

कॅप्सूलच्या पाकिटावर 'झोपताना' असं स्वच्छ लिहिलं होतं. पण का, ते बाईंनी ऐकलं नव्हतं, आणि कारण सांगितल्याशिवाय दिलेल्या सूचनेला त्या सिग्नलशिवाय दुसऱ्या कोणाच्या बाबतीत जुमानत नसत. म्हणून त्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेल्या. काकूंच्या यजमानांचं एके काळी औषधांचं दुकान होतं. काकू त्या दुकानात कधी बसल्या नव्हत्या, पण डबा द्यायला जायच्या. तेवढ्यावर त्यांची अर्धी डॉक्टरकी झाली होती.

"झोपताना?" काकूंनी पाकीट चष्म्याच्या वर-खाली धरून पाहिलं. "अगं, आडवं झालं की औषध घशातच लोळत राहतं. सकाळी घे. आणि रिकाम्या पोटी नको हं, पोट जळेल. चांगलं लोण्याबिण्याचं खाऊन, वर पेलाभर दूध पिऊन घे."

"पण लिहिलंय झोपताना..."

"ते सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं. तू काय सगळी आहेस का?"

हा युक्तिवाद बाईंना बिनतोड वाटला. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी लोणी थापलेला पाव खाऊन, वर दूध पिऊन, शिस्तीत कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली.

तापणं हळूहळू कमी होऊ लागलं, हे कबूल करायला हवं. पण एक गळती थांबवावी आणि चार नवीन लागाव्यात, असा प्रकार झाला. पोट फुगलं. छाती अशी हुळहुळायला लागली की सीटबेल्ट लावणं म्हणजे दिव्य. बाई बेल्ट आणि अंग यांच्यामध्ये घरातली एक छोटी उशी ठेवून बसू लागल्या. उशीवर फुलं होती. गाडीच्या टपावर स्कूलची पाटी आणि आत फुलांची उशी घेऊन करारी मुद्रेने बसलेल्या ब्रेकबाई, हे दृश्य पाहून चौकातला वाहतूक पोलीस शिट्टी वाजवायची विसरला.

आणि रडू. बाईंनी आयुष्यात फारसं रडून बघितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते नीट येतही नव्हतं. हुंदका चुकीच्या गिअरमध्ये पडायचा. कोणी रिव्हर्स चांगला घेतला की रडू. भंगारवाल्याच्या दारात अप्पांच्या पहिल्या गाडीसारखी, गोल दिव्यांची गाडी दिसली, तिथे दहा मिनिटं. एका कॉलेजातल्या मुलीने वळणावर पहिल्यांदाच इंडिकेटर आठवणीने दिला, तर बाईंच्या डोळ्यांतून धारा. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी स्कूलच्या ऑफिसात फोन केला.

"ताई," भाऊ म्हणाला, "ती विचारतेय, मी इतकी वाईट चालवते का?"

घरी नवऱ्याने सगळं शास्त्रीय पद्धतीने घ्यायचं ठरवलं होतं. सकाळी बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो परगावी असलेल्या लेकीला फोनवर कळवायचा, "आज कमी दाबाचा पट्टा आहे. दुपारनंतर तुरळक सरी." एकदा बाईंनी हे ऐकलं. त्या दिवशी तुरळक काही राहिलं नाही.

पण खरा घात केला तो झोपेने. न्याहारी झाली की तासा-दोन तासांत कोणीतरी मेंदूवर गोधडी घालावी तसं व्हायचं. बाई कडक चहा प्यायच्या, स्वतःला चिमटे काढायच्या आणि कोणाला एक शब्द बोलायच्या नाहीत. ब्रेकबाई पेंगतात, हे बोलायचं तरी कसं?

त्या दिवशी सकाळचे शिकाऊ उमेदवार होते भूलवाले डॉक्टर. शस्त्रक्रियेआधी रोग्याला भूल द्यायची हे त्यांचं काम. माणूस सज्जन, हात शांत. पण स्टिअरिंगवर तेच हात असे थरथरायचे की वायपर आपोआप चालू व्हायचे. परीक्षेत ते इतक्या वेळा नापास झाले होते की परीक्षक त्यांच्या मुलांची नावानिशी चौकशी करायचा. बाई त्यांना दर वळणावर ओरडायच्या आणि ते दर वळणावर अधिक बिघडायचे.

"आज सोपं काम," बाई उशी सारखी करत म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत सरळ चला."

यानंतर बाईंनी काही सांगितलंच नाही.

जाग आली ती इंजिन बंद झाल्यामुळे. पुढे काचेबाहेर कमरेएवढं गवत होतं आणि त्याच्या पलीकडे नुसतं आभाळ.

"रस्ता संपला, मॅडम," भूलवाले अदबीने म्हणाले. "आता काय करू?"

बाईंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी आधीच उभी होती, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. "तुम्ही... मी... आपण कुठे आहोत?"

"सरळ."

"मी झोपले होते?"

"आधी मला वाटलं, तुम्ही विचार करताय. मग तुम्ही घोरायला लागलात. मोठ्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा मी तुमची नाडी बघितली. उत्तम होती. श्वासही नियमित."

"मग उठवलं का नाही मला?"

भूलवाले ओशाळले. "सवय, हो. सर्जनने काम झालं म्हटल्याशिवाय आम्ही कोणाला उठवत नाही."

त्या रस्त्याने सरळ म्हणजे काय काय, ते बाईंनी मनातल्या मनात मोजलं. गजबजलेला बाजार, शाळेसमोरचा रस्ता, रेल्वेचं फाटक, एवढं सगळं पार करून आपण आलो. आणि यातल्या एकाही ठिकाणी आपला पाय ब्रेकवर नव्हता. त्यांनी घाईघाईने खाली उतरून गाडीला प्रदक्षिणा घातली. कुठे खरचटलेलं नाही, की चिखल उडालेला नाही.

"फाटकावर थांबलात?"

"थांबलो. हँडब्रेक लावला. गाडी गेल्यावर दोन्हीकडे बघितलं." आणि मग खालच्या आवाजात, "मॅडम, राग मानू नका. माझे हात एकदाही थरथरले नाहीत. मी जन्मभर झोपलेल्या माणसाशेजारी बसून काम केलंय. शेजारी कोणी जागं असलं ना, की माझं सगळं चुकतं."

इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात याच्याइतकं झोंबणारं वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. सणसणीत उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष पायाखाली गेलं. तडकलेलं काँक्रीट, फटींतून उगवलेलं गवत, आणि अंधूक पांढरा पट्टा लांबपर्यंत गेलेला.

ही जुनी धावपट्टी होती! विमानं यायची बंद झाली, त्याला बाईंचं अख्खं आयुष्य उलटून गेलं होतं. अप्पा सुट्टीच्या दिवशी त्यांना आणि भावाला इथे आणायचे. भावाचे पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून तो मागे बसून तोंडाने हॉर्न वाजवायचा. बाई चालवायच्या. अप्पा शेजारी बसून सफरचंद सोलत असायचे, सालीची एक लांबलचक माळ न तोडता. त्यांची एकच अट होती, साल तुटली नाही पाहिजे. क्लच हिसक्याने सोडला की साल तुटायची, आणि अप्पा काही न बोलता दुसरं सफरचंद घ्यायचे. पुढे बाई तरुणपणी इथेच एका भूगोलाच्या मास्तराला शिकवायला आणू लागल्या. तो ढग दिसला की गाडी थांबवायचा. थांबवायचा कसला, बंद पाडायचा, आणि ढगाचं नाव सांगायचा. गाडी चालवायला तो कधीच शिकला नाही. पण एकदा अशीच गाडी बंद पाडून त्याने ढगाऐवजी वेगळंच काही सांगितलं, आणि बाईंनी पहिल्यांदाच कोणा विद्यार्थ्याला पहिल्या प्रयत्नात पास केलं.

हे सगळं बाई मोठ्याने बोलत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा भूलवाल्यांनी रुमाल पुढे केला होता. त्या गाडीच्या बॉनेटला टेकून भडाभडा रडत होत्या.

"अप्पा कधी ओरडलेच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "मग मी कुठे शिकले ओरडायला?"

भूलवाल्यांनी त्यांना रडू दिलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "नवीन काही औषध सुरू केलंय का?"

बाईंनी सांगितलं. लोण्यासकट, दुधासकट.

"सकाळी!" भूलवाल्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, प्रोजेस्टेरॉन पोटात गेलं की त्यापासून मेंदूला गुंगी आणणारं द्रव्य तयार होतं. आमच्या भुलीच्या औषधांच्या भावकीतलंच म्हणा ना. म्हणून तर ते झोपताना देतात. आणि भरल्या पोटी घेतलं, तेही लोण्यादुधाबरोबर, की जास्त प्रमाणात अंगात उतरतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आजच्या आज. आणि तोवर गाडीला हात लावू नका."

"हे कोणाला कळता कामा नये," बाई म्हणाल्या.

"डॉक्टर आहे मी. रोग्याचं गुपित जिवापलीकडे."

गुपित ठेवायला उरलंच काय होतं? टपावर स्कूलची मोठी पाटी, आत फुलांच्या उशीवर मान टाकलेल्या ब्रेकबाई, अशी ती वरात भर बाजारातून गेली होती. बेकरीवाल्याने हात केला होता. वाहतूक पोलिसाने सलाम ठोकला होता. बाई परत ऑफिसला पोचेपर्यंत शहरात बातमी अशी होती, की ब्रेकबाईंचा हात आता इतका बसलाय की त्या डोळे मिटूनच शिकवतात. दुपारी दोन नव्या बायका नाव घालायला आल्या. त्यांना डोळे मिटणाऱ्याच मॅडम हव्या होत्या.

भाऊ मात्र हसला नाही. त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"ताई, शाळेसमोर एखादं पोर आलं असतं तर?"

 हाच प्रश्न बाई धावपट्टीपासून स्वतःला विचारत होत्या. भावाने हात पुढे केला. बाईंनी पर्समधून गाडीची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. धाकट्या भावाच्या हातावर, ज्याचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते त्या भावाच्या.

अपमान झाला की माणूस सल्ला घ्यायला पुन्हा तिथेच जातो. "बघ!" काकू विजयाने म्हणाल्या. "मला पहिल्यापासूनच ती कॅप्सूल पसंत नव्हती. जेल मानवतंय ना? मग तेवढंच लाव. नको ते सोडून द्यायचं."

बाईंनी कॅप्सूल बंद केली. पुढचे काही दिवस स्वर्ग होता. डोळे टक्क उघडे, पोट सपाट, उशी पुन्हा पलंगावर. ऑफिसच्या टेबलामागे बसून त्या शिकाऊ लोकांना रस्त्याच्या खुणा शिकवत होत्या, तेवढ्यात भूलवाले आले.

"भेटलात डॉक्टरांना?"

"गरजच नाही पडली. कॅप्सूल सोडली. नुसतं जेल लावते."

भूलवाल्यांचा चेहरा इतका पडला, की खुणांच्या तक्त्यापुढे बसलेले शिकाऊही गंभीर झाले. "उठा," ते म्हणाले. एवढंच.

दवाखान्यातल्या स्वागतिकेला उठवणं मात्र भूलवाल्यांच्याही शास्त्रात नव्हतं. घरी नवरा दवाखान्याचा फोन कानाला लावून उभा राहिला. "तुमची तपासणी तीन महिन्यांनी आहे," पलीकडून आवाज आला. "मध्येच यायचं तर तक्रार काय लिहू?"

"गाढ झोप लागायची तिला," नवरा म्हणाला.

"ती तक्रार होत नाही, सर. आमच्याकडे बायका झोप लागत नाही म्हणून येतात."

"रडूही यायचं."

"यायचं? म्हणजे आता येत नाही? मग बरं वाटतंय असं लिहिते."

शेवटी बाईंनी फोन ओढून घेतला आणि वळणावरचा आपला ठेवणीतला आवाज काढला. "थांबा!" शब्द बिनचूक आठवला होता. दुपारची वेळ मिळाली.

या खेपेला बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, काकूंच्या भागाला कपाळावर हात मारला, आणि मग सावकाश सांगायला लागल्या.

"हे बघा, इस्ट्रोजेनने तुम्हाला बरं वाटतं, पण त्याने गर्भाशयाच्या आतलं अस्तरही वाढत राहतं. ते वाढू देणं धोक्याचं. नको त्या आजारापर्यंत जाऊ शकतं. प्रोजेस्टेरॉन ते रोखतं. तुमचं गर्भाशय आहे तोवर नुसतंच जेल लावायचं नाही. कॅप्सूल रात्री, अगदी झोपायच्या वेळी, जेवणानंतर पुरेसा वेळ जाऊ देऊन. पोट फुगणं, छाती दुखणं, मन भरून येणं हे बऱ्याच जणींचं काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं, मन फारच खचायला लागलं, मध्येच रक्तस्राव झाला, तर मला सांगायचं. मात्रा आहे, पद्धत आहे, दुसरं औषधही आहे. पण बदलणार मी. तुम्ही नाही आणि तुमच्या काकू तर नाहीतच."

"इतकं सगळं तुम्ही पहिल्या वेळीही सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"शब्दन् शब्द. आणि तुम्ही म्हणालात, 'जमलं'."

त्यानंतरचे आठवडे बाईंनी पथ्याने काढले. रात्री लवकर जेवण, अंथरूण घातलं की कॅप्सूल, आणि मग अशी झोप की नवऱ्याला कितीतरी वर्षांनी पलंगाची दुसरी बाजू शांत सापडली. सकाळी पहिले काही दिवस डोकं जरा जड असायचं, नंतर तेही गेलं. पोट उतरलं. काकूंना बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. फक्त त्या स्वतः गुडघ्यासाठी सल्ला मागायला आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना हाताला धरून थेट दवाखान्यात नेलं.

रडणं सगळ्यात शेवटी कमी झालं, आणि गंमत म्हणजे जाताना बाईंना त्याची जराशी चुटपुट लागली. त्या रडण्यात आई भेटायची, अप्पा भेटायचे, गोल दिव्यांची गाडी भेटायची. एरवी शिकवण्याच्या गडबडीत ही मंडळी कोपऱ्यात उभी राहून निघून जायची. एक दिवस बाई उगाचच घराच्या मागच्या दारी जाऊन बसल्या. अंग तापलं नव्हतं. वाराही नव्हता. पण बसून बरं वाटलं.

भूलवाल्यांना त्या काळात भावानेच शिकवलं. न बोलता शेजारी बसायचं, एवढंच बाईंनी त्याला बजावलं होतं. ते पास झाले आणि मिठाई घेऊन आले. परीक्षकाला सर्दीचं औषध घेतल्यामुळे सारख्या जांभया येत होत्या, असं त्यांनी फार आनंदाने सांगितलं.

बाईंचं मन स्थिर झालं, डॉक्टरीणबाईंनीही हरकत नाही म्हटलं, तरी भाऊ किल्ली देईना. "आधी मी तुझी परीक्षा घेणार," तो म्हणाला.

"तू? माझी?"

"हो. पेपर माझा, परीक्षक मी."

बाईंचा पारा चढला. पण किल्ली त्याच्याकडे होती. संध्याकाळच्या उन्हात त्या चालकाच्या सीटवर बसल्या आणि धाकटा भाऊ त्यांच्या सीटवर, पाय जादा ब्रेकवर ठेवून, मैलाच्या दगडासारखा ताठ. बाजार आला, बाईंनी वेग कमी केला. शाळा आली, आणखी कमी केला. रेल्वेच्या फाटकावर थांबल्या, हँडब्रेक लावला, गाडी गेल्यावर दोन्हीकडे बघितलं. अप्पांच्या पहिल्या ऑफिसच्या जागी आता चष्म्याचं दुकान झालं होतं, त्या गल्लीतही त्यांनी गाडी सुरळीत वळवली. परीक्षक चुकूनसुद्धा काही बोलत नव्हता. 

"नापास करतोयस का?" त्यांनी शेवटी विचारलं.

 बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी केली आणि मान वळवून बघितलं. भाऊ चष्म्याच्या दुकानाकडे बघत बसला होता, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अप्पा गेल्यापासून तुझ्या शेजारी बसलोच नव्हतो गं," तो म्हणाला. "अगदी त्यांच्यासारखी चालवतेस."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तू कुठली गोळी घेतोस रे?"

"मी? कुठलीच नाही."

"मग?"

"मग काय," भावाने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि गाडीला लावलेल्या किल्लीकडे बोट केलं. "चल आता. सारखं काय रस्त्यात थांबतेस?"